चारशे बारामधले हलके जोडे

१

हे मी लिहिणारच नव्हतो. तीनदा टाईप केलं, तीनदा पुसलं. शेवटी टाचणी म्हणाला, "आता पुसलंस तर बोटं शिवून टाकीन तुझी." शिवणं हा त्याचा धंदाच आहे, म्हणून जरा घाबरलो.

टाचणी माझा मित्र. उंच, बारीक, आणि बोलला की टोचतो. जोडे बनवतो. मी मोबाईल दुरुस्त करतो, व्हिडिओ बघबघून शिकलो. लिहायचंही कुणी शिकवलेलं नाही, तेव्हा चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

तर, दुपारचा एक वाजून वीस मिनिटं. परक्या शहरातलं हॉटेल, चौथा मजला, खोली चारशे बारा. टाचणीनं कपाट उघडलं आणि तसाच उभा राहिला.

"जोडे कुठायत?"

"असतील की आतच."

"आत काही नाहीये रे."

मी जाऊन बघितलं. वरच्या कप्प्यात घडी घातलेली एक कोरी कापडी पिशवी होती. खाली चार हँगर. बाकी कपाट रिकामं.

त्या जोड्यांपायी टाचणीनं आठ महिने घातले होते. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या बायकांसाठीचे जोडे. दुकानातल्या, दवाखान्यातल्या बायका असतात ना, त्यांच्यासाठी. मऊ, आणि इतके हलके की हातात घेतले तरी काही घेतलंय असं वाटू नये. एका मोठ्या दुकानाला आपल्याकडे काम करणाऱ्या सगळ्या बायकांसाठी तसे जोडे हवे होते. नमुना दाखवायची वेळ त्याच दिवशी पाचची होती. नमुना एकच होता.

टाचणी पलंगावर बसला. तोंडाचा रंग उडाला होता.

"चोरी झालीय," मी म्हणालो.

हा शब्द पहिल्यांदा माझ्या तोंडून निघाला. हे लक्षात ठेवा.

२

आता आम्ही तिथे कसे, ते सांगतो.

मला हॉटेलांवर बोली लावायचा नाद आहे. साईट असते. तिथे हॉटेलचं नाव दिसत नाही, फक्त शहराचा भाग आणि किती तारे ते दिसतं. आपण आपला भाव टाकायचा. एखाद्या हॉटेलला पटला तर त्याच क्षणी पैसे कापले जातात आणि मग नाव कळतं. मग पैसे परत नाहीत, बदल नाही. नाही पटला, तर त्या खात्यावरून त्या भागात दिवसभर पुन्हा बोली लावता येत नाही. जुगारच, पण सभ्य कपडे घातलेला. मला त्यात अशी काही मजा येते की टाचणी मला बोलीबहाद्दर म्हणतो.

मागच्या खेपेला मी दोन रात्रींची बोली वेगवेगळी लावली होती आणि दोन वेगळी हॉटेलं गळ्यात पडली. टाचणीनं भर दुपारी शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चामड्याचं गाठोडं वाहिलं होतं. म्हणून या वेळी त्यानं आधीच बजावलं, "बोली लाव, काय हवं ते कर. पण दोन्ही रात्री एकदम घे. चार पैसे जास्त गेले तरी चालतील. माझे जोडे आहेत सोबत."

"एकदमच घेतोय," मी म्हणालो.

हॉटेल झकास निघालं. सकाळी नाश्त्याला शेजारच्या खोलीतला टायवाला भेटला. अंडं खातानाही टाय सैल न करणारा माणूस. तो म्हणाला, "मी या खोलीला तिप्पट मोजलेत हो." मी असा फुललो की काय सांगू. मग टाचणीनं त्याला जोडे दाखवले. टायवाल्यानं बोटावर तोलून बघितले. "अरे वा! हे तर हवेतच जातील."

प्रवासात जोड्यांचा खोका चेपला होता, तो टाचणीनं फेकून दिला. धूळ बसू नये म्हणून मी जोडे कपाटात टांगलेल्या पांढऱ्या कापडी पिशवीत घातले, दोरी ओढली आणि वरच्या कप्प्यात ठेवले. टाचणी तेव्हा दाढी करत होता.

साडेनऊला आम्ही बाहेर पडलो. बॅगा पाठीवर घेऊनच. हा माझा नियम. स्वस्तातल्या पाहुण्याला कधी कुठली खोली देतील नेम नाही, तेव्हा आपलं बिऱ्हाड आपल्या पाठीवर. जोडे तेवढे ठेवले, कारण गर्दीत चेपले असते. टाचणीला दुकान बाहेरून बघून यायचं होतं.

एकला परतलो तर दाराचं कार्ड चालेना. लाल दिवा. पुन्हा लाल.

"थांब, मी बदलून आणतो," म्हणत मी धावत खाली गेलो. टाचणी येऊ नये म्हणून जरा जास्तच धावत.

का, ते सांगतो. पण थोडं थांबा. तेव्हाही मी थांबलोच होतो.

३

मॅनेजरनं आम्हाला लॉबीतल्या सोफ्यावर बसवलं आणि चौथ्या मजल्याची सफाई करणाऱ्या बाईंना बोलावलं. त्यांना सगळे मावशी म्हणायचे. पन्नाशीच्या, एका पायावर जरा जास्त भार टाकून उभ्या राहणाऱ्या.

"चारशे बारात तुम्ही गेला होतात?"

"गेले होते ना. सव्वा अकराला. खोली रिकामी होती."

"रिकामी कशी असेल? हे पाहुणे राहतायत तिथे."

"सामान नव्हतं साहेब. एक बॅग नाही, एक कपडा नाही. आणि माझ्या कागदावर…"

"कागदाचं राहू दे. जोडे बघितलेत का?"

"जोडे? नाही बाई."

मॅनेजरनं माझ्याकडे बघितलं. मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "आमच्यानंतर खोलीत त्याच गेल्या होत्या."

बस्स, एवढंच. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात.

मॅनेजर म्हणाला, "तुमची पिशवी दाखवा."

"इथं?" मावशींनी आजूबाजूला बघितलं. लॉबीत सात-आठ माणसं होती. दोन मुलं खाऊ खायची थांबून बघत होती.

"इथंच. पाहुण्यांसमोर. म्हणजे त्यांचंही समाधान होईल."

मावशींनी पिशवी काचेच्या टेबलावर पालथी केली. डबा. औषधाची पट्टी. घरची किल्ली. कंगवा. आणि पावलाच्या आकाराचा कापलेला एक तुकडा.

काउंटरवरचा कारकून पुढे आला. त्याला मी मनात मिशी म्हणत होतो, कारण चेहऱ्यावर दुसरं काही दिसतच नव्हतं. "हा बघा! जोड्याच्या आतला तळ!"

मावशींनी डब्याचं झाकण घट्ट केलं. कान तेवढे लाल झाले. मी मिशीकडे बघत राहिलो.

टाचणी उठला. त्यानं तो तुकडा घेतला, दाबला, उलटा केला.

"हे माझं नाही."

"अहो पण…"

"भांडी घासायचा स्पंज आहे हा. कात्रीनं कापलाय. टाचेकडे दुहेरी." त्यानं मावशींच्या पायांकडे बघितलं. "उजवी टाच दुखते ना मावशी? किती वर्षं झाली?"

मावशींनी मान खाली घातली. "चार."

"यांनी जोडे घेतलेले नाहीत," टाचणी म्हणाला. "ज्याला असल्या जोड्यांची गरज असते, तो जोड चोरून वर स्पंज बाळगत बसत नाही. लगेच पायात घालतो."

मॅनेजर ओशाळला, पण मागे हटेना. "मग जोडे गेले कुठे?"

मी बुटाच्या नाड्या बघत होतो. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

४

टायवाल्याला फोन लावला. तो साडेअकराला हॉटेल सोडून गेला होता, मोठी बॅग घेऊन. मॅनेजरनं स्पीकर चालू केला.

"जोडे? अहो मी साबण विकतो! माझ्या बॅगेत साबणच आहेत, येऊन वास घ्या!"

"तसं नाही साहेब. जाताना काही दिसलं का, एवढंच विचारतोय."

"दिसलं की. चारशे बाराचं दार उघडं होतं आणि गाद्या उघड्या होत्या. मला वाटलं ती दोघं पोरं गेली. वाईटही वाटलं, निरोप न घेता गेली म्हणून."

तेवढ्यात मागच्या जिन्यावरून एक बाई आल्या. साठीच्या, चष्मा दोरीत अडकवलेला, हाताला इस्त्रीचा वास. तळघरात चादरी-टॉवेलांचं खातं सांभाळायच्या. सगळे त्यांना काकू म्हणत, मॅनेजरसुद्धा.

"माझ्या बाईला लॉबीत उभं केलंय म्हणे." आवाज अजिबात चढवला नाही त्यांनी. "काय गेलंय?"

मॅनेजरनं सांगितलं. काकूंनी सोफ्यासमोरची खुर्ची ओढली. आधी मावशींना बसवलं. मग दुसरी ओढून स्वतः बसल्या.

"आज चौथ्या मजल्यावरून किती पाहुणे गेले?"

मिशीनं कॉम्प्युटरमध्ये बघितलं. "आठ खोल्या."

"माझ्याकडे चादरी नऊ खोल्यांच्या आल्यात. दुपारी मोजल्यात मी." काकूंनी चष्मा लावला. "राहत्या पाहुण्याची चादर आपण तिसऱ्या दिवशी बदलतो. मग ही नववी खोली कुठली?"

मिशीनं पुन्हा पडद्यात डोकं घातलं.

त्या टाचणीकडे वळल्या. "बाळा, परत आलास तेव्हा खोली कशी होती? आठवून सांग."

"दार उघडत नव्हतं. हा कार्ड बदलून घेऊन आला. आत गेलो तर चादर ताठ. सकाळी मी अर्धा साबण वापरला होता, तिथे कागदात गुंडाळलेला नवा होता."

"म्हणजे नव्या पाहुण्यासाठी लावलेली खोली." काकूंनी हात पुढे केला. "मावशी, तुझा सकाळचा कागद दे."

मावशींनी एप्रनच्या खिशातून चौघडी केलेला कागद काढला. दुपारपासून त्या तोच दाखवायला बघत होत्या. काकूंनी बोट फिरवलं आणि थांबवलं.

"चारशे बारा. पाहुणे गेले."

मॅनेजर म्हणाला, "पण कॉम्प्युटरवर तर राहतायत!"

"सकाळी गेले आणि दुपारी राहतायत." काकूंनी कागद टेबलावर ठेवला. "एका खोलीत असं कधी होतं? एका मुक्कामाची दोन बुकिंगं असली तर. पहिलं अकराला संपलं, खोली रिकामी धरली गेली, कार्ड बंद पडलं. मग एक वाजता कुणीतरी गुपचूप दोन्ही जोडून टाकली." त्यांनी मिशीकडे बघितलं. "दुसरं बुकिंग कुणाच्या नावावर आहे रे?"

मिशीच्या कपाळावर घाम आला. त्यानं पडद्यावर बघून नाव वाचलं.

ते टाचणीचं नाव होतं.

५

"माझं?" टाचणी हसला. खरंच हसला. "मी तर कुठलं बुकिंगच केलेलं नाही. सगळं यानं…"

आणि मग त्यानं माझ्याकडे बघितलं.

दोन्ही रात्रींची एकदम बोली मी लावलीच नव्हती. एकेका रात्रीची लावली तर स्वस्त पडेल, असं वाटलं. पहिल्या रात्रीची लागली. दुसरीची नाकारली आणि माझं खातं दिवसभरासाठी बंद झालं. टाचणीचं खातं कधीतरी मीच उघडून दिलं होतं, पासवर्ड मला पाठ. त्याला न विचारता त्याच्या नावानं थोडा जास्त भाव टाकला. तेच हॉटेल मिळालं. मी तर उडीच मारली.

आल्या दिवशी टाचणी बॅगा उतरवत होता, तेव्हा मी मिशीला हळूच सांगितलं, बुकिंगं दोन आहेत पण खोली एकच ठेवा. तो म्हणाला, "उद्या अकराच्या आत येऊन आठवण करा, जोडून देतो." सकाळी काउंटरसमोरून गेलो तेव्हा टाचणी शेजारी होता. त्याला ऐकू गेलं असतं. म्हणून न थांबता पुढे गेलो.

एवढंच. तीन पावलं थांबायचं होतं.

हे सगळं मी लॉबीत सांगितलं. म्हणजे मांजरासारखा पुटपुटलो. टाचणी म्हणाला, "मोठ्यानं." मग मोठ्यानं सांगितलं.

"आणि कार्ड बंद पडलं तेव्हाच तुला कळलं होतं?"

"हो." मिशीनं दोन्ही बुकिंगं जोडून दिली तेव्हा आम्ही दोघं एकमेकांकडे बघून गप्प बसायचं ठरवलं होतं, एक शब्दही न बोलता. नंतर मावशींची पिशवी पालथी होताना मी त्याच्याकडे बघत होतो, तो माझ्याकडे. दोघंही दुसरा बोलेल म्हणून थांबलेले.

"हे नंतर भांडा," काकू म्हणाल्या. "जोडे ठेवले कशात होते?"

"कपाटातल्या पिशवीत."

"पांढरी? दोरीची?"

"हो."

काकूंनी डोळे मिटले. "ती मळके कपडे टाकायची पिशवी. गेलेल्या पाहुण्यांच्या खोलीत ती भरलेली दिसली की आत टॉवेलच असणार. कुणी उघडत नाही, चादरींबरोबर खाली."

मावशी हळूच म्हणाल्या, "हलकी होती. मला वाटलं, एखादा टॉवेल असेल."

टाचणीच्या तोंडून आवाज निघाला. हसणं होतं की रडणं, मला आजही सांगता येणार नाही.

काकूंचा हात फोनवर गेला होता. धुलाई बाहेरच्या कारखान्यात व्हायची. त्या ऐकत राहिल्या, दोनदा हं म्हणाल्या आणि फोन ठेवला. तीनला दहा कमी होती.

"गाडी दोनला निघाली. पिशव्या वीस मिनिटांपूर्वी मशीनमध्ये गेल्या." मग माझ्याकडे बघून, अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "दीड वाजता बोलला असतास, तर गाडी मागच्या दाराशीच उभी होती."

६

जोडे मिळाले. राखेच्या रंगाचे, पानं वाळून आखडतात तसे आखडलेले. आत टाचणीनं हातानं लिहिलेला माप-नंबर तेवढा धुऊन निघाला नव्हता.

मला वाटलं तो दुकानात जाणार नाही. तो गेला. पाचला पाच कमी असताना खरेदी बघणाऱ्या बाईंच्या टेबलावर त्यानं ते ओले जोडे ठेवले आणि म्हणाला, "उकळत्या पाण्यातून काढलेत. माफ करा. दुसरे नाहीत."

बाईंनी एक जोडा उचलला. मला वाटलं केराच्या टोपलीत टाकतील. त्यांनी तळ धरून ओढला. जोर लावून ओढला. मग पेन घुसवून बघितलं.

"शिवण कुणाची?"

"माझीच."

"सुटली नाही एकही." त्यांनी जोडे परत दिले. "या हंगामाचं काम आज दुसऱ्याला देतेय. मला थांबता येणार नाही. पुढच्या हंगामात नवा जोड घेऊन या. कोरडा."

म्हणजे सहा महिने. टाचणीनं मान डोलावली. मी दाराशी उभा होतो. मला कुणी आत बोलावलं नव्हतं आणि ते बरोबरच होतं.

हॉटेलवर परतलो तर मावशींची पाळी संपली होती. काकूंनी मॅनेजरकडून लिहून घेतलं होतं की मावशींचा काही दोष नाही, आणि मिशीनं त्यावर आपली चूक लिहून सही केली होती. त्याच्या सहीखाली जागा होती. काकूंनी पेन माझ्यासमोर ठेवलं. मी सही केली.

"मावशी काही म्हणाल्या का?" मी विचारलं.

"म्हणाली, पोरानं माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. पिशवी उलटी करायला लावल्याचं नाही लागलं तिला एवढं. कागद खिशात होता तिच्या, आणि कुणी बघायला तयार नव्हतं."

खोलीत टाचणीनं ओल्या जोड्यांत वर्तमानपत्र कोंबलं. त्याच्या नावावरच्या खोलीत, त्याच्यासमोर मी बसलो होतो. ती रात्र मला फारच स्वस्तात पडली होती.

"शिव्या दे ना," मी म्हणालो.

"देऊन काय होणार? तुला त्या फुकटात मिळतील. फुकटचं तुला आवडतंच." मग बॅगेतून त्यानं कागद काढला आणि पेन्सिलीनं पावलाचा आकार काढायला लागला. उजव्या टाचेला जाड रेघ.

"कुणाचं माप?"

"मावशींचं. डोळ्यानं घेतलंय. स्पंजावरून टाचेचा अंदाज आला." तो रेघा मारत राहिला. "नव्या नमुन्याचा पहिला जोड त्यांचा. चार वर्षं स्पंजावर उभी राहिलेली बाई सांगेल ते बरोबर का चूक."

"मी पोचवतो," मी पटकन म्हणालो. "कुरियरनं."

टाचणीनं पेन्सिल थांबवली.

"कुरियरनं नाही. जोडे घालून बघताना दुकानदार काय करतो, माहितीये? खाली बसतो. गिऱ्हाईक कुणीही असो, तो गुडघ्यावर बसतो. त्यात कमीपणा नसतो, ते कामच आहे. तू जायचंस. त्याच लॉबीत, त्याच सोफ्यासमोर, माणसं असतील तेव्हा. खाली बसायचं, मावशींच्या पायात जोडे घालायचे आणि त्यांच्या तोंडाकडे बघून सगळं सांगायचं. आज सांगितलंस ना, तसंच. मोठ्यानं."

"आणि त्यांनी लाथ मारली तर?"

"तर जोडा किती मऊ झालाय ते कळेल."

मला हसू आलं. मग एकदम थांबलं.

म्हणून हे लिहून काढलं. तिथे गेल्यावर पुटपुटायला नको, एखादं वाक्य गिळायला नको. जोड तयार व्हायला अजून तीन आठवडे आहेत, टाचणी म्हणतो. त्यानं परवा विचारलं, जाणार ना नक्की? मी त्याला शब्द दिलाय. जाईन. अकराच्या आत पोचेन. काउंटरसमोर थांबेन.